वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि रोजची हालचाल

प्रश्न : वय 52, टाइप 2 मधुमेह, फक्त मेटफॉर्मिन घेतो. डोंबिवलीहून मुंबईला नोकरी, दिवसभर खुर्चीत. रविवारी तासभर चालतो, बाकी जमत नाही. उपाशीपोटीची साखर बरी असते, जेवणानंतरची 220च्या वर जाते.

उत्तर : रविवारचं चालणं चालू ठेवा, पण त्याचा परिणाम फार तर दोन-तीन दिवस टिकतो. बुधवारपर्यंत स्नायू पुन्हा होते तिथे येतात. म्हणून आठवड्याला 150 मिनिटं हे लक्ष्य ठेवताना सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको, असं आम्ही आग्रहानं सांगतो.

तुमचा प्रश्न जेवणानंतरच्या साखरेचा आहे, तेव्हा चालायचंही जेवणानंतरच. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतो. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात साखर सर्वांत वर जाते. त्याआधी, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पायांना कामाला लावा. डबा खाल्ल्यावर 10 ते 15 मिनिटं ऑफिसच्या आवारात किंवा जिन्यात चाला. रात्रीचं जेवण तुमच्याकडे बहुधा सर्वांत उशिराचं आणि सर्वांत भरपेट असणार, त्यानंतरची शतपावली 15 मिनिटांची करा, मिनिटाला शंभरेक पावलांच्या वेगानं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला म्हणजे वेग बरोबर. छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबा आणि आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

खुर्चीतून दर अर्ध्या तासानं उठा. हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, टाचा वीस वेळा उचला. दोन-तीन मिनिटांत होतं. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून दंड घाला. मात्र डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती आधी. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलणं, शीर्षासन, सर्वांगासन यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो.

फरक स्वतःच पाहा : एकच जेवण, एक दिवस चालून आणि एक दिवस न चालता, पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजा.

प्रश्न : आई 66 वर्षांची आहे. पहाटे उठल्यावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असलेली गोळी घेऊन, बिनसाखरेचा चहा पिऊन फिरायला जाते. दोनदा तिला वाटेत थरथर सुटली, दरदरून घाम आला. साखर चघळली, तरी बराच वेळ बरं वाटेना.

उत्तर : हे गंभीर आहे, पण टाळता येण्यासारखं आहे. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्यात रिकामं पोट आणि चालणं, म्हणजे साखर कोसळणारच. गोळी नाश्त्याच्या ताटावर बसल्यावरच घ्यायची आणि फिरणं नाश्त्यानंतर. एवढ्यावरही साखर उतरत असेल तर डोस कमी करावा लागेल. तो डॉक्टरांनी ठरवायचा. गोळी परस्पर बंद करू नका.

साखर चघळूनही आराम का पडेना, याचं उत्तर व्होग्लिबोजमध्ये आहे. घरातल्या साखरेचं आतड्यात ग्लुकोजमध्ये विघटन व्हावं लागतं, आणि नेमकं तेच हे औषध रोखून धरतं. बिस्किट, पोळी यांचंही तसंच. आईंना ग्लुकोज पावडरच हवी. 15 ग्रॅमच्या पुड्या काट्यावर मोजून बांधा, एक पदराशी, एक पर्समध्ये. थरथरत्या हातांनी चमचे मोजायची वेळ येऊ देऊ नका. साखर 70च्या खाली दिसली किंवा लक्षणं जाणवली की चालणं थांबवून बसायचं, एक पुडी पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, 70च्या खालीच असेल तर दुसरी पुडी. सावरल्यावर नीट जेवायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवणार नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न : तळपाय बधिर आहेत. अनवाणी गवतावर चालावं का?

उत्तर : नाही, घरातही नाही. बधिर पायाला काटा, काच, तापलेली फरशी कळत नाही. दुपारच्या उन्हात देवळाच्या फरसबंदीवर प्रदक्षिणा घातली आणि फोड रात्री मोजे काढताना दिसले, असं घडतं. दर्शनाला सकाळी लवकर जा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी. रोज घालण्याआधी आत हात फिरवून खडा, वर आलेली शिवण तपासा. रात्री तळव्याखाली आरसा धरून बोटांच्या बेचक्यांसकट पाहा. जखम असेल तोवर चालण्याऐवजी खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा. फोड फोडू नका. लाली पसरली, पाणी येऊ लागलं किंवा पाय गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.