उष्ण कटिबंधातल्या किनारी शहरात पर्यटनाच्या ऐन हंगामाच्या आगेमागे गेलं तर सहल वाया जाते का?

नाही, वाया जात नाही. उलट पाऊस ओसरू लागल्यावर जाणार असाल तर मी नक्की जाच म्हणेन. या दिवसांत सहसा दिवसभराची झड नसते. सकाळी लख्ख ऊन पडतं, जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग दाटून एखादी जोरदार सर येते. तास-दीड तासात ती ओसरते, संध्याकाळी रस्ते वाळलेलेही असतात. म्हणून किनारा, बाजार, जुन्या गल्ल्या सकाळीच उरका आणि दुपार संग्रहालयासाठी किंवा सरळ झोपेसाठी ठेवा. गर्दी कमी असते, खोल्याही बऱ्याचदा स्वस्त मिळतात.

फक्त तिकीट काढण्याआधी त्या शहराचं महिनावार पाऊसमान बघा, कारण प्रत्येक किनाऱ्याचा पावसाळा वेगळा असतो. कोचीत मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर, तर चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर. व्हिएतनाममधल्या दा नांगलाही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झोडपतो, आणि कॅरिबियन भागात वादळांचा अधिकृत काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर धरतात. अशा महिन्यांत जाणं भागच असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. आणि आभाळ निरभ्र दिसलं तरी किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. दूरच्या वादळाच्या लाटा स्वच्छ उन्हातही येतात.