पहिली सायकल स्वतः जुळवताना

आधी फ्रेम ठरव, गिअर नंतर. फ्रेम अंगाला बसली नाही तर भारीतले गिअर घालूनही गुडघे दुखणारच. पहिल्या वेळेला जुनी स्टीलची फ्रेम बघ, ती बऱ्याच चुका पोटात घालते.

मग व्हर्निअर कॅलिपर घेऊन मापं वहीत लिही. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, फ्रेममधली जागा १३० मिमी की १३५? सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, २७.२ की २७.०? डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चाकात तर फारच जण फसतात: आपल्या जुन्या २८ इंची काळ्या सायकलची रिम ६३५ मिमी व्यासाची, ७००सी या आजच्या रोड सायकलच्या मापाची ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाहीच, शिवाय जुन्या फ्रेमला ७००सीचं चाक घातलं तर ब्रेकचे रबर साडेसहा मिलिमीटर खाली आणावे लागतात.

आणि आटे! डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण इंग्लिश आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा आस फिरतो तो फ्रेममधला भाग) उजवा कपही उलटाच बसतो. मी तो पान्याने सरळ दामटला होता. आटे गेले, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून घ्यावा लागला. म्हणून ग्रीस लावून आधी नुसत्या बोटांनी फिरव. तीन-चार आटे सहज गेले तरच पाना हातात घे.

केबल मात्र नवीनच टाक.