सकाळची साखर ठीक, मग अहवाल का बिघडला?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ असून तिला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी साखर ११० ते १२० येते, तरीही या वेळी एचबीए१सी ८.४ आले. ती गोड खात नाही, आठवड्यातून दोन उपवासही करते. मीटर चुकत असेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : मीटर चुकत असेलच असे नाही. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते. ८.४ म्हणजे सरासरी साखर १९५ च्या घरात. सकाळी ती ११५ असेल, तर दिवसाच्या उरलेल्या वेळात ती बरीच चढत असली पाहिजे, आणि त्या वेळी आपण मोजतच नाही. (लोहाच्या कमतरतेमुळेही हा आकडा फुगू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे.)

माझा पहिला संशय उपवासावरच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीत बटाटा पडला आणि जोडीला रताळ्याचा कीस आला, की गोडाचा कणही न खाता साखर चढते. दोन आठवडे जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी अशी जोडीने साखर मोजावी, उपवासाच्या दिवशी तर आवर्जून, आणि ताटात काय होते तेही वहीत लिहावे. दोन तासांनंतरचा आकडा साधारणपणे १८० च्या आत असावा. खिचडी वाटीभरच घेऊन सोबत ताक, काकडीची कोशिंबीर व मूठभर शेंगदाणे घेतले तर किती फरक पडतो, हे आईंना स्वतःच्याच वहीत दिसेल. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना ते अधिक पटेल.

मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा चिरलेल्या बोटावर रस राहिला तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. कोकणातल्या पावसाळी दमटपणात पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे.

एक गोष्ट मात्र मला काळजीची वाटते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम सुटला, हात थरथरले आणि आकडा ७० च्या खाली दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्या वेळी उपवास मोडतो म्हणून आईंना थांबू देऊ नये. गोळ्यांचे प्रमाण घरी बदलू नये, आणि पुढच्या उपवासाआधीच ती वही घेऊन डॉक्टरांना भेटावे.