जीपचा मागचा डिफरन्शियल फुटला: तसाच भरू की लॉकर टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कराडची जुनी महिंद्रा जीप, ३१ इंची टायर. पाटणच्या पुढे चिखलात रुतली, लो रेंजमध्ये (फोर-व्हीलचा सावकाश पण जास्त जोराचा गिअर) रिव्हर्स टाकून रेस केली, कडाड् आवाज आला आणि पिनियनचे (डिफरन्शियलमध्ये जोर आणणारा छोटा गिअर) दात गेले. मेकॅनिक म्हणतोय जुन्या बाजारातून अख्खा अ‍ॅक्सल आणू, मित्र म्हणतायत लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) टाक, आणि एकाने स्पायडरला (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर, ज्यांच्यामुळे दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात) वेल्डिंग मारायला सांगितलंय. मी सांगलीत जीप-जिप्सीचंच काम करतो, त्यात अ‍ॅक्सलचं जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक करा. तुटलेले दात भंगारात टाकू नका. डिझेलने धुऊन उन्हात धरा आणि तूट नीट बघा. सगळी तूट दाणेदार, करडी, ताजी दिसत असेल तर दात एका धक्क्यात गेला. तुटीचा काही भाग गुळगुळीत असेल, एका कोपऱ्यातून निघालेल्या बारीक कमानी दिसत असतील, तर तडा फार आधीच पडला होता आणि त्या दिवशी फक्त शेवट झाला. मग दोष रिव्हर्सचा नाही, आधीच्या सेटिंगचा किंवा ढिल्या बेअरिंगचा. दात निळे-काळे पडले असतील तर ऑइल कमी होतं किंवा चुकीचं होतं. हे न बघता नवा माल बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

तुमचं वर्णन ऐकून मला धक्क्याचीच शंका जास्त येते. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो ती मोठी दातेरी चकती) आणि पिनियन पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. पुढे जाताना क्राउनच्या दाताची फुगीर बाजू भार घेते, रिव्हर्सला खोलगट बाजू घेते, आणि ती बाजू कमजोर. त्यात लो रेंजने टॉर्क वाढवलेला, टायर मोठे, आणि एक चाक चिखलात गरगर फिरत असताना अचानक दगडावर पकड घेतं. त्या क्षणी सगळा झटका पिनियनच्या दोन-तीन दातांवर येतो. रुतलेली गाडी रिव्हर्सला फुल रेस करून काढायची नसते. टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणून हळू काढावी, नाहीतर दोर लावावा.

आता जुन्या बाजारातला अ‍ॅक्सल. तो आणायला हरकत नाही, पण रेशो जुळला पाहिजे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅक्सलमध्ये आत वेगळे रेशो निघतात. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात: ४३ ला ८ असेल तर ५.३८, ३९ ला ८ असेल तर ४.८८. पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशो उघडल्याशिवाय बघायचा तर गिअर न्यूट्रल ठेवून एक चाक उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर (अ‍ॅक्सलला जोर नेणारा लांब दांडा) किती फिरला ते मोजा. तोच रेशो. पुढे-मागे फरक राहिला तर फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी पेटी) मार खाते. आणि अख्खा अ‍ॅक्सल नको असेल, तर बाजारातून एकटा पिनियन किंवा एकटा क्राउन मात्र कधीच आणू नका. ते कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, जोडीचा नंबर दोघांवर मारलेला असतो.

खरं काम पुढेच आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच घाईत उरकतात. दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढून हाउसिंगच्या नळ्या शेवटपर्यंत धुवा, काठीला फडकं बांधून पुसा. तुटलेल्या दाताचा चुरा तिथे दडून बसतो. बेअरिंग चांगले दिसले तरी सगळे नवे घाला. कॅरियरच्या (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करूनच त्या खोला, अदलाबदल चालत नाही. शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा) सरळ आहेत का बघा. पीळ पडलेला दिसला तर शाफ्टही गेला समजा.

मग पिनियनची खोली, म्हणजे तो क्राउनकडे किती आत बसतो ते. जुन्या पिनियनखालचा शिम (पातळ चकती) मोजून तिथून सुरुवात करायची, दोन्ही पिनियनच्या तोंडावरच्या आकड्यातला फरक धरून. त्यानंतर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच त्यावर ठेवलेला दाब. काही गाड्यांत तो शिमवर असतो, काहींत दबणाऱ्या स्लीव्हवर. ती स्लीव्ह एकदाच वापरायची, नट जास्त आवळला गेला तर ढिला करून भागत नाही, नवी घालावी लागते. मग क्राउन बसवून डायलने (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघायचा. या आकाराच्या अ‍ॅक्सलला साधारण ०.१५ ते ०.२० मिमी ठीक, तरी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो क्राउनवर तीन-चार ठिकाणी घ्या. जागोजागी वेगळा आला तर क्राउन वाकडा बसलाय किंवा खाली कचरा आहे. शेवटी दातांना ब्ल्यू (ठसा बघायचा रंग) लावून, क्राउनला हाताने विरोध देत फिरवायचं. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाकडे खोल गेला तर पिनियन फार आत आहे, टोकाकडे सरकला तर फार बाहेर. शिम बदलायचा आणि सगळं परत. ही उघड-झाक तीन-चारदा होतेच, त्यात वैतागायचं नाही.

जिप्सीत डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून बाहेर येतो, टेबलावर आरामात काम होतं. तुमच्या जीपला मागून झाकण आहे, म्हणजे हे सगळं गाडीखाली किंवा अ‍ॅक्सल उतरवून. म्हणून मेकॅनिक निवडताना एकच विचारा: डायल लावतो का? उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरचे मागचे अ‍ॅक्सल भरणारे अनुभवी हात भरपूर आहेत, कुपवाडला, मिरजेला, तुमच्या कराडलाही. पण त्यातले बरेच जण बॅकलॅश अंगठ्याने बघतात. ट्रॅक्टरला ते खपतं. रस्त्यावर साठ-सत्तरने धावणाऱ्या गाडीला नाही.

लॉकरचं म्हणाल तर कल्पना ट्रॅक्टरच्या डिफलॉक पेडलचीच आहे, ओल्या रानात आपण दाबतो तीच. वेल्डिंग म्हणजे ते पेडल कायमचं दाबून ठेवणं. पावसात यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर आतलं चाक घासणार, आखूड जीप वळायला मागणार नाही. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला ते करू नका, एवढं स्पष्ट सांगतो. स्पायडरच्या जागी बसणारा ऑटोमॅटिक लॉकर स्वस्त पडतो आणि क्राउनची सेटिंग हलवत नाही, पण वळणावर रेस दिली की अचानक पकडतो. नव्या थारच्या काही मॉडेलना मागे मेकॅनिकल लॉकर येतो, तो दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आपोआप लागतो. हवेवर चालणारा लॉकर सगळ्यात चांगला, हवा तेव्हाच लावायचा, पण महाग, आणि त्याला कॅरियर बदलून परत पूर्ण सेटिंग लागते.

तुमची फक्त स्पायडर फुटली असती तर मी थांबा म्हटलं असतं. पण क्राउन-पिनियन बदलायचेच आहेत, म्हणजे सेटिंगची मजुरी द्यायचीच आहे. खिशात पैसे असतील तर हवेचा लॉकर आत्ताच टाका. नसतील तर उघडा (बिनलॉकरचा) डिफरन्शियलच ठेवा, अर्धवट काही टाकू नका. एक लक्षात घ्या, लॉकरने पिनियन मजबूत होत नाही. चाक गरगरणं थांबतं म्हणून झटके कमी होतात, पण एकट्या चाकाला पकड मिळाली की सगळा जोर त्याच बाजूच्या शाफ्टवर जातो. ३१ इंची टायरला पुढचा बळी शाफ्टचाच.

ब्रीदरची (अ‍ॅक्सलमधल्या हवेची वाट) नळी वर इंजिनपर्यंत नेऊन बांधा, हे फुकटातलं काम आहे. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर तेच झालंय. ऑइल जीएल-५ दर्जाचंच, ८०डब्ल्यू-९०. नुसतं '९० नंबर' म्हणून दुकानदार जीएल-४ देतो, ते गिअरबॉक्सला ठीक, इथे नाही.

नवी जोडी बसल्यावर पहिले २५-३० किमी सावकाश, मग पूर्ण गार होऊ द्या. पाचशे किमीपर्यंत ओढकाम नको, आठशेच्या आसपास ऑइल बदला. मॅग्नेटवर करडी पेस्ट येणारच, चकचकीत तुकडे आले तर गाडी थांबवा. रेस देताना किंवा सोडताना ऊंऽऽ आवाज आला तर सेटिंग, फक्त वळताना आला तर स्पायडर, सतत घरघर असेल तर बेअरिंग. झाकण लावायच्या आधी ब्ल्यूच्या ठशाचा फोटो इथे टाका, फुगीर आणि खोलगट दोन्ही बाजूंचा. बघून शिम वाढवायचा की कमी करायचा ते सांगतो.