‘दृष्टिभ्रम’ की ‘नजरचकवा’?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे : भिंतीवर फडताळ, खुंटीला अडकवलेली पिशवी, अर्धवट उघडं कपाट असं काही रंगवतात की सपाट भिंतीला खरंच खोलपणा आहे असं वाटावं. या प्रकाराला मराठीत ‘वस्तुचित्र’ म्हणावं की ‘दृष्टिभ्रम’?

‘वस्तुचित्र’ तोकडं पडतं. ग्रेड परीक्षेत समोरचा माठ आपण कागदात मावेल एवढा काढतो. तो उचलायला कोणी हात पुढे करत नाही. इथे वस्तू मूळ मापाचीच लागते. शिवाय खुंटी, फळी, कोनाडा असा उथळ देखावाच जास्त फसवतो. फार खोलवरचं दाखवलं की बघणाऱ्याने मान हलवताच पितळ उघडं पडतं.

‘दृष्टिभ्रम’ मला खटकतो. मृगजळही दृष्टिभ्रमच, पण ते कोणी मुद्दाम घडवत नाही. फ्रेंच शब्द आहे ‘त्रोंप-लॉय’, म्हणजे डोळा फसवणारं. १८०० साली पॅरिसच्या सालोन प्रदर्शनात लुई-लेओपोल्द बॉयीने तो आपल्या चित्राच्या नावातच घातला. करामत मात्र त्याहून बरीच जुनी. इटलीत गुब्बियोच्या राजवाड्यात १४७८-८२ च्या सुमारास केलेल्या अभ्यासिकेत कपाटांची जाळीदार दारं अर्धी उघडी दिसतात, आत पुस्तकं, वाद्यं. प्रत्यक्षात भिंत सपाट. (ही खोली आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.) गंमत म्हणजे ते रंगकाम नाहीच, रंगारंगाच्या लाकडांचे तुकडे जोडून केलेलं जडावकाम आहे. म्हणून शब्दात ‘चित्र’ हवंच असा हट्ट नको.

फ्रेंच समासात क्रिया आधी, नाम नंतर. आपल्याकडे उलटं : पाकीटमार, खिसेकापू. त्या चालीवर मी ‘नजरचकवा’ सुचवेन. ‘नजरबंदी’ गारुड्याची, ‘धूळफेक’ लबाडाची. चकव्याची तऱ्हा वेगळी. रात्री केळीच्या बागेतून येताना चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, आणि दुसऱ्या दिवशी पारावर स्वतःच ते रंगवून सांगतो. ही चित्रं बघणाऱ्याचंही तेच होतं. फसल्याचं कळल्यावरच खरी मजा येते.

फक्त ‘नजरचूक’शी गल्लत करू नका. ती हिशेबाच्या वहीत होते.

आणि ताई, घरी अहिराणी बोलत असाल तर ‘ळ’चा ‘य’ करून ‘डोयाचकवा’ म्हणा. कोशात सापडणार नाही, पण आजीला लगेच कळेल.