पहिल्याच शूटला अजगर नको

अरे, नग्नचित्रांच्या पहिल्याच शूटला साखळदंड आणि मुखवटे कशाला? आधी छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्तांचं काम निवांत बघ. जाहिरातींची कॉपी लिहिता लिहिता कॅमेरा स्वतःच शिकलेला माणूस, वडील मूर्तिकार. 1996 साली त्यांचं स्त्रियांच्या नग्नचित्रांचं कृष्णधवल पुस्तक आलं. त्यात अंगापेक्षा सावली जास्त बोलते. खांद्याची कड उजळते, बाकीचं अंधारात राहतं आणि आपलं मन नेमकं तिथेच घुटमळतं. त्यासाठी महागडे दिवे लागत नाहीत. एक खिडकी, मागे काळं कापड. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, उजळ भागावर धर, सावल्या बुडाल्या तर बुडू देत.

आता अजगराचं. 1995 ची टफ शूजची जाहिरात त्यांचीच: मधू सप्रे, मिलिंद सोमण, दोघांभोवती अजगर, पायांत फक्त बूट. मुंबईत खटला झाला, निर्दोष सुटायला 2009 उजाडलं. चौदा वर्षं! खळबळ हवी असेल तर तेवढा दम आहे का, ते स्वतःला विचार.

मॉडेलची लेखी संमती शूटच्या आधी घे. फोटो कुठे लागणार, तेही त्यात लिही. ती मध्येच नको म्हणाली तर कॅमेरा खाली, कुरकुर न करता. मी एकदा सगळं तोंडीच ठरवलं होतं. माझ्या सर्वांत चांगल्या निगेटिव्ह अजून कपाटात पडून आहेत.

आणि हो, दासगुप्तांनी टिपलेला गोव्यातला कॅथलिक समाजही बघ. अंगभर कपडे, तरी जवळीक तीच.