वाचकांचे प्रश्न: येशूचे सेवाकार्य आणि शिष्यत्वाची हाक

प्रश्न: येशू आपल्या पापांसाठी मरण्यास आला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तसे असेल तर गालीलातील उपदेश, रोग्यांना बरे करणे, जकातदारांच्या पंक्तीला बसणे, बारा शिष्य निवडणे ह्या सगळ्याचे प्रयोजन काय होते? ती केवळ वधस्तंभाची पूर्वतयारी होती का? आणि ‘माझ्यामागे ये’ ही हाक त्या वेळच्या मोजक्या माणसांसाठी होती की सर्वांसाठी?

उत्तर: आपण हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारले आहेत, परंतु शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक व योहान ह्यांच्या नावे असलेल्या येशूच्या चरित्रांत) ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि आपल्या अडचणीचे मूळही त्यांना वेगळे केल्यातच असावे असे मला वाटते. येशूने केवळ मृत्यूनंतरची सोय लावून दिली असे मानले, की त्याच्यामागे जाणे ही काही उत्साही भाविकांची ऐच्छिक बाब ठरते. मग बाकीच्यांनी विश्वास ठेवावा आणि स्वस्थ बसावे, एवढेच उरते. येशूच्या तोंडचे शब्द मात्र असे स्वस्थ बसू देत नाहीत.

योहान बाप्तिस्मा करणारा ह्याला अटक झाल्यावर येशू गालीलात आला आणि काळाची पूर्णता झाली आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा, अशी घोषणा करू लागला (मार्क 1:14-15). त्याच्या लगेच पुढच्या वचनात तो समुद्राच्या काठाने चालताना शिमोन (म्हणजेच पेत्र) व अंद्रिया ह्या मच्छीमारांना, आणि थोडे पुढे जाऊन जब्दीच्या दोघा मुलांना हाक मारतो. घोषणा आणि हाक ह्यांच्यामध्ये मार्काने एकही वचन घातलेले नाही. देव राज्य करू लागला आहे ही वार्ता खरी असेल, तर त्या राज्यात जगणारी माणसे कुठेतरी दिसली पाहिजेत, म्हणून वार्ता सांगणारा आरंभापासूनच माणसे गोळा करतो.

ह्या राज्याचे रूप लूकने नासरेथच्या सभास्थानात दाखवले आहे. तेथे येशू यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी आणि ठेचलेल्यांना मुक्ती हा भाग वाचतो व आज हा शास्त्रलेख पूर्ण झाला आहे असे सांगतो. यशयाच्या त्याच ओळीत पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. येशूचे वाचन त्याच्या आधीच थांबते. त्यानंतर तो सारफथची विधवा आणि अरामी नामान ह्या दोन परक्यांवर देवाने केलेल्या कृपेची आठवण देतो, तेव्हा त्याच्याच गावचे लोक त्याला कड्यावरून लोटून देण्यास धावतात (लूक 4:16-30). सेवाकार्याच्या अगदी पहिल्या दिवसांतला हा प्रसंग आहे. वधस्तंभ शेवटी अचानक उभा राहिला नाही, हे ह्यावरून लक्षात यावे. पापांची क्षमा करण्याचा अधिकार सांगितल्यामुळे, पापी लोकांबरोबर जेवल्यामुळे आणि शब्बाथ ह्या विश्रांतीच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे केल्यामुळे विरोध वाढत गेला, आणि मार्काच्या तिसऱ्या अध्यायातच परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी गट) व हेरोदी (हेरोदाच्या पक्षाचे लोक) त्याचा घात करण्याची मसलत करू लागले.

म्हणून ‘पूर्वतयारी’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कुष्ठरोग्याला स्पर्श करणे, लेवी ह्या जकातदाराच्या घरी जेवणे, रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला ‘मुली’ असे संबोधणे ह्यांत जे प्रेम काम करत होते, तेच वधस्तंभावर शेवटपर्यंत गेले. उलट बाजूने, त्याचे मरण ही एका चांगल्या माणसाच्या वाट्याला आलेली दुर्दैवी घटना होती असेही शुभवर्तमाने म्हणू देत नाहीत, कारण मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून देण्यास आला आहे, असे त्याने स्वतः सांगितले (मार्क 10:45).

हे वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, तेही पाहिले पाहिजे. याकोब व योहान ह्यांनी वैभवात उजवीकडची व डावीकडची जागा मागितली होती, आणि त्यामुळे उरलेले दहा जण संतापले होते. परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, पण तुमच्यामध्ये तसे नाही, जो श्रेष्ठ होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास व्हावे, असे त्यांना बजावल्यानंतर येशू आपल्या मरणाचा अर्थ सांगतो. त्याच्या मरणाविषयीचे इतके स्पष्ट वचन शिष्यांना वागण्याचा धडा देताना आले आहे! त्याने आपल्यासाठी काय केले आणि आपण कसे वागावे, ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात बांधलेल्या आहेत, आणि त्या सोडवून वेगळ्या करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मार्काची रचनाही हेच सांगते. आठव्या ते दहाव्या अध्यायांत येशू आपल्या मरणाचे भाकीत तीन वेळा करतो आणि तिन्ही वेळा शिष्य ते समजण्यात चुकतात. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, बारा जण आपल्यात मोठा कोण ह्यावर वाद घालतात, आणि जब्दीचे मुलगे जागा मागतात. प्रत्येक चुकीनंतर शिष्यत्वाचे शिक्षण येते. ह्या सगळ्या भागाच्या आधी बेथसैदा येथील आंधळ्याला टप्प्याटप्प्याने दृष्टी मिळते, आणि शेवटी यरीहोजवळ बार्तीमयाला दृष्टी मिळून तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. येशू कोण आहे हे दिसणे आणि त्याच्यामागे चालणे ह्यांचा संबंध ह्याहून स्पष्ट करून सांगणे कठीण आहे. हा भाग एका बैठकीत सलग वाचावा, असा माझा आग्रह आहे.

आता हाक कोणासाठी, हा आपला शेवटचा मुद्दा. पेत्राला दटावल्यानंतर येशूने शिष्यांसह लोकसमुदायालाही जवळ बोलावले आणि मगच आत्मत्याग करून वधस्तंभ उचलण्याविषयी तो बोलला (मार्क 8:34). बारा जणांपुरतीच ती अट असती, तर समुदायाला बोलावण्याचे कारण नव्हते. मात्र हाक सर्वांना असली तरी सर्वांची वाट एकच नव्हती. मग्दालिया मरीया, गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा ह्याच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सूसान्ना व इतर स्त्रिया त्याच्याबरोबर फिरत होत्या आणि आपल्या पैशाअडक्याने सेवा करत होत्या. जक्कय हा मुख्य जकातदार यरीहोतच राहिला. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याचे आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने ठरवले. गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्त बरा झाल्यावर बरोबर येण्याची विनंती करत होता, तर येशूने त्यालाच घरी स्वकीयांकडे परत पाठवले, आणि तो दकापलीस ह्या दहा नगरांच्या प्रदेशात साक्ष देत फिरू लागला. घर सोडणे हे शिष्यत्वाचे एकमेव चिन्ह असते, तर ह्या माणसाची विनंती नाकारली गेली नसती. जक्कयाच्या बाबतीत क्रमही पाहावा: येशू त्याच्या घरी आधी गेला, परतफेडीचा निर्णय त्यानंतर झाला. शिष्यत्व ही तारणासाठी मोजायची किंमत नव्हे, तर मिळालेल्या कृपेला दिलेला प्रतिसाद आहे.

प्रश्न: आई, वडील, पत्नी, मुले ह्यांचा द्वेष केल्यावाचून कोणी माझा शिष्य होऊ शकत नाही, असे येशू म्हणतो (लूक 14:26). मातापित्यांचा मान राख ही आज्ञा देणाऱ्या देवाचा पुत्र असे कसे म्हणू शकतो? शिवाय वधस्तंभ उचलणे म्हणजे घरातील सर्व त्रास मुकाट्याने सोसणे, असे मला सांगण्यात आले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर: पहिल्या भागाचे उत्तर मत्तयाच्या दहाव्या अध्यायात मिळते. तेथे हेच शिक्षण ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ अशा शब्दांत आले आहे. ‘द्वेष’ हा निवडीचा कठोरपणा दाखवणारा तीव्र बोलण्याचा प्रकार आहे, मनात वैर धरण्याची आज्ञा नव्हे. येशूचे वागणे ह्याला साक्ष आहे. देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्या शास्त्र्यांच्या प्रथेवर त्याने कडक टीका केली (मार्क 7:9-13), आणि वधस्तंभावरून त्याने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हवाली केले. मच्छीमारी सोडून आलेल्या पेत्राच्या घरी येशू जातो आणि त्याच्या सासूला तापातून बरे करतो; पुढे पेत्र आपल्या पत्नीला बरोबर घेऊन प्रवास करत असे, असे प्रेषित पौलाच्या पत्रावरून कळते (1 करिंथ 9:5). तरीही वचनाची धार बोथट करू नये. घरच्यांची इच्छा आणि येशूची इच्छा समोरासमोर उभ्या राहिल्या, तर शिष्याने कोणाचे ऐकावे हे आधीच ठरलेले आहे, आणि हे ठरवताना बुरूज बांधणाऱ्याने खर्चाचा हिशेब करावा तसा विचार करण्यास येशू त्याच अध्यायात सांगतो.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक गंभीर वाटतो. येशूच्या श्रोत्यांना वधस्तंभ म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. थोरल्या हेरोद राजाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 4 मध्ये उठलेले बंड मोडताना सीरियाचा रोमी सुभेदार वारुस ह्याने सुमारे 2000 लोकांना वधस्तंभांवर चढवले, असे योसेफस ह्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. वधस्तंभाचे लाकूड खांद्यावर घेऊन निघालेला माणूस परत येत नाही, हे सर्वांना माहीत होते. म्हणून ह्या शब्दांचा रोख रोजच्या कटकटींवर नाही. येशूसाठी व सुवार्तेसाठी, तीही स्वतः होऊन पत्करलेली हानी, असा त्याचा स्पष्ट संदर्भ आहे (मार्क 8:35). घरात कोणी मारहाण करत असेल, अपमान करत असेल, तर ते त्या माणसाचे पाप आहे. ते आपला वधस्तंभ नव्हे. त्यापासून संरक्षण मागणे म्हणजे शिष्यत्व सोडणे नव्हे, आणि येशूचे शब्द वापरून पीडितेला गप्प बसवणाऱ्याने ठेचलेल्यांना सोडवण्यास आलेल्या प्रभूचे शब्द त्याच्याच हेतूविरुद्ध वापरलेले आहेत. आपण विश्वासू व्यक्तीला हे अवश्य सांगावे, मदत मागावी, आणि जिवाला धोका असल्यास तेथून बाहेर पडण्यास कचरू नये.

प्रश्न: मी बाप्तिस्मा घेतला आहे, परंतु वारंवार पडतो. मला शिष्य म्हणवून घेण्याचा अधिकार आहे का?

उत्तर: बारा जणांची निवड कशासाठी झाली हे मार्काने नोंदवले आहे: त्यांनी येशूबरोबर असावे, आणि त्याने त्यांना उपदेश करण्यास पाठवावे (मार्क 3:14). बरोबर असणे आधी आहे. ते बरोबर राहिले आणि तरीही अटकेच्या रात्री सर्व जण पळून गेले. पेत्राने तर ओळखही तीन वेळा नाकारली. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी येशूने त्याला त्या रात्रीविषयी जाब विचारला नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, असे तीनदा विचारून त्याने आपली मेंढरे त्याच्यावर सोपवली आणि पूर्वीचीच हाक पुन्हा दिली. तेव्हाही पेत्र वळून दुसऱ्या शिष्याचे काय होईल असे विचारू लागला, तर ‘तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये’ असे उत्तर त्याला मिळाले (योहान 21:22). आपण अधिकाराविषयी विचारता. पेत्राकडेही त्या दिवशी कोणताच अधिकार नव्हता. आपल्या पडण्याचे नाव घेऊन ते देवापुढे कबूल करावे, ज्याचे नुकसान झाले असेल त्याची भरपाई करावी, मंडळीतील एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याला सोबतीला घ्यावे आणि चालत राहावे.